लुक-इन्टू नाना

पत्राच्या मसुद्यावर सही करण्याआधी नाना चपला घालायचे. प्रत्येक पत्राच्या नव्हे. ज्या पत्रात ‘द मॅटर इज बीइंग लुक्ड इन्टू’, म्हणजे प्रकरण तपासलं जात आहे, असं वाक्य असेल, त्याच्याच. एरवी ते दिवसभर टेबलाखाली चपला काढून अनवाणी बसत. मसुदा वाचता वाचता त्या वाक्यापाशी आले की त्यांचे पाय टेबलाखाली चाचपडू लागत. डावी चप्पल सापडे, मग उजवी. पेनाला टोपण लावून ते उठत, खिळ्यावरची किल्ली घेत आणि दोन जिने उतरून तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये जात. कधी दहा मिनिटांनी वर येत, कधी जेवणाची सुट्टी संपल्यावर. बाह्यांना जुन्या कागदांची तांबूस धूळ लागलेली असे. मग चपला काढून, खुर्चीत नीट बसून ते सही करत.

ठाण्यातलं आमचं कार्यालय जमिनींच्या जुन्या कागदांचं. कारभार मराठीत चाले, पण कंपन्यांना, बँकांना आणि इंग्रजीत अर्ज करणाऱ्यांना इंग्रजीत उत्तर द्यावं लागे. ही उत्तरं नानांच्या टेबलावरून जात. त्यांच्या हाताखालच्या आम्हा सगळ्यांना ते एकच वाक्य इतक्या वेळा दुरुस्त करून मिळे, की कोणीतरी त्यांचं नाव ‘लुक-इन्टू नाना’ पाडलं. नानांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर त्यांनी स्वतःच सांगितलेलं मी ऐकलं, “नुसतं नाना म्हणून विचाराल तर सापडायचो नाही. इथे चार नाना आहेत. लुक-इन्टू म्हणा.”

मी बावीस वर्षांची असताना वडिलांच्या जागी नोकरीला लागले. वडील जाऊन सहा महिने झाले होते. डोंबिवलीच्या घरात आई कोणाशी बोलत नव्हती आणि मलाही फारसं बोलायची सवय उरली नव्हती. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलेलं असल्यामुळे इंग्रजीची मला भीती नव्हती. पहिला मसुदा मी अर्ध्या तासात लिहून नानांपुढे ठेवला. शेवटी लिहिलं होतं, ‘द मॅटर इज लुकिंग इन्टू’.

नानांनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे विचारलं, “मॅटर कुठे बघतेय?”

मी कागदाकडे पाहिलं.

“नाही, तूच लिहिलंयस. मॅटर आत बघतेय. आपण काय करतोय मग? आपण चहा पितोय?”

शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब मोठ्यांदा हसले. मला रडू येईल असं वाटलं. नानांनी ते पाहिलं असावं. त्यांनी वाक्य खोडलं नाही. कागद माझ्याकडे सरकवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बाय, इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे. फक्त ह्या वाक्यात बघणारं माणूस लागतं. ते कोण, एवढं आधी ठरव. मग वाक्य आपोआप सरळ होतं.”

नाना कल्याणच्या खाडीकाठच्या एका कोळी गावातले. ऑफिसात ते शुद्ध, जवळजवळ छापील मराठी बोलत. फक्त ‘बाय’ हा एक शब्द तेवढा घरून त्यांच्याबरोबर येई. भाऊसाहेबांना त्यांच्या इंग्रजीची आणि त्यांच्या गावाची सांगड घालून थट्टा करायची फार हौस. “काय हो नाना, तुमच्या खाडीत इंग्रजी मासे मिळतात का?” असं ते आठवड्यातून एकदा तरी विचारत. नानांचं उत्तर ठरलेलं असे, “मिळतात ना. पण काठावर उभं राहून नाही मिळत, भाऊसाहेब.”

काठावर उभं राहण्याची ही गोष्ट त्यांनी मला पुढे नीट समजावली. “हे बघ. ‘लुक अ‍ॅट’ म्हणजे काठावरून पाणी बघणं. त्याला काही लागत नाही. ‘लुक फॉर’ म्हणजे हरवलेलं शोधणं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे होडी सांभाळणं, भरती असो नाहीतर ओहोटी. आणि ‘लुक इन्टू’ म्हणजे निवट्या धरणं. निवटी मासळी चिखलात बीळ करून राहते. बिळात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. आत खेकडा पण असू शकतो. हात घातला नसेल तर लिहू नये.”

ते नोकरीला लागले ते शिपाई म्हणून, रेकॉर्ड रूममध्ये. काम एकच, जुने रुमाल झटकायचे. रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांत साहेबलोकांच्या काळातली इंग्रजी पत्रं होती, वळणदार अक्षरातली. नाना जेवणाच्या सुट्टीत ती उतरवून काढत, पाठकोऱ्या कागदांवर. शब्दकोश नव्हता, शिकवणारं कोणी नव्हतं. त्यामुळे ते अर्थ शोधत तो पुढच्या कागदात. पत्रात ‘कॅरी आउट’ लिहिलंय, तर मग पुढे बांध घातला की नाही? ‘पुट ऑफ’ लिहिलंय, तर पुढची तारीख पडली की नाही? शब्दापाठोपाठ काम झालेलं दिसलं, की त्यांना अर्थ कळे. आम्ही भाषा पुस्तकातून शिकलो. नाना ती शिकले पाळलेल्या आणि मोडलेल्या शब्दांवरून. परीक्षा देत देत ते कारकून झाले, मग अव्वल कारकून. पण एखादं क्रियापद लिहिलं की त्याचं काम झालंच पाहिजे, हा त्यांचा समज शेवटपर्यंत सुटला नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. पत्र गेलं की त्याची स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहणारी प्रत, फाइलला लागते. त्या प्रतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात नाना पेन्सिलीने बारीक सही आणि तारीख टाकत. अशीच एक खूण ते रुमालातल्या मूळ कागदाच्या कोपऱ्यातही करून येत. नियमात असं काही नव्हतं. कागद प्रत्यक्ष कोणी उघडून पाहिला, याची ती नोंद. आम्हालाही त्यांनी ती सवय लावली. कोपरा रिकामा असेल तर पत्र त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. “कोपरा रिकामा आहे,” एवढंच म्हणून ते कागद परत देत. रागावत नसत. त्याचंच जास्त वाईट वाटे.

कल्याणचे एक निवृत्त शिक्षक आपल्या विहिरीची नोंद सापडावी म्हणून तीन वर्षं अर्ज करत होते. त्यांना तीनदा आमच्या कार्यालयाने ‘लुक्ड इन्टू’चं उत्तर दिलं होतं. तेव्हा ते काम नानांकडे नव्हतं. चौथा अर्ज नानांकडे आला. ते खाली गेले आणि दिवसभर वर आलेच नाहीत. संध्याकाळी कळलं, की दोन गावांचे रुमाल कोणीतरी एकाच कापडात बांधून वर एकाच गावाची चिठ्ठी लावली होती. दुसऱ्या गावाला गेली कित्येक वर्षं कोणी उघडलंच नव्हतं. शिक्षक पेढे घेऊन आले तेव्हा नानांनी पेढा घेतला नाही. “आधी तीन पत्रांची माफी मागायला हवी, मग पेढा,” म्हणाले, आणि खरंच उभं राहून त्यांनी त्या गृहस्थांची माफी मागितली. ती तीनही पत्रं दुसऱ्यांची होती. भाऊसाहेबांनी मात्र दोन पेढे घेतले.

एकदा रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं आणि ती महिनाभर बंद राहिली. तेव्हा नानांनी सगळ्या अर्जदारांना लिहिलं, ‘वी हॅव नॉट येट लुक्ड इन्टू द मॅटर’. आम्ही अजून पाहिलेलं नाही. साहेब संतापले. त्यांनी नानांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

“आपण काही केलेलं नाही, असं लेखी देता तुम्ही? सरकारी पत्रात?”

“साहेब, वाक्य तपासून बघा. चूक असली तर बदलतो.”

“वाक्याचं नाही म्हणत मी!”

“मग राहू द्या साहेब. बाकी सगळं खरं आहे.”

ती पत्रं तशीच गेली. त्या महिन्यात एकही अर्जदार भांडायला आला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी नाना निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाऊसाहेबांनी इंग्रजी माशांचा विनोद शेवटचा करून घेतला. निघताना नानांनी मला पाठकोऱ्या कागदांची एक वही दिली. सुतळीने शिवलेली. पानागणिक एक क्रियापद, त्याचं नीट लिहिलेलं वाक्य आणि खाली ते कधी लिहावं याची मराठीत एक ओळ. ‘गिव्ह अप’च्या पानावर मात्र काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ते पत्रात येत नाही.” मग टेबलाखाली पाहून चपला घातल्या आणि म्हणाले, “ते एक वाक्य तुझ्याकडे ठेवून जातोय, बाय. सांभाळ.”

मी ते सांभाळलं. कसं सांभाळलं, तेच सांगायला मी हे लिहिते आहे.

नानांच्या जागेवर पुढे मी बसले. सगळ्यांच्या टेबलांवर संगणक आले, नवी मुलं-मुली आली. तीही ‘मॅटर इज लुकिंग इन्टू’च लिहीत. अर्ज वाढले होते, माणसं कमी झाली होती. नानांसारखं एकेकाला समोर बसवून सांगायला मला वेळ नव्हता आणि खरं म्हणजे तसा स्वभावही नव्हता. मग मी एक युक्ती केली. नानांच्या वहीतलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून उत्तराचा एक साचा तयार केला आणि सगळ्यांच्या संगणकांत घातला. अर्जदाराचं नाव आणि तारीख भरायची, बस्स. त्या दिवसापासून आमच्या कार्यालयातून ते वाक्य एकदाही चुकीचं गेलं नाही. साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं. कागदी स्थळप्रती बंद झाल्या, त्यांच्याबरोबर कोपराही गेला. ते मला जाणवलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी नानांचा अर्ज आला. आला तो टपालात, इतर अर्जांबरोबर. त्यांच्या गावातून खाडीवर जाणारी एक पायवाट होती. गावाशेजारची जमीन एका कंपनीने घेतली होती आणि पायवाटेसकट सगळीकडून भिंत घालायचं ठरवलं होतं. जुन्या नकाशात ही पायवाट दाखवलेली आहे, तो नकाशा कृपया कोणीतरी पाहावा, एवढीच विनंती. एक प्रत कंपनीला द्यायची म्हणून अर्ज इंग्रजीत होता. रुमालाचा क्रमांकही त्यांनी लिहिला होता. म्हणजे ठाण्याच्या त्या तळमजल्यावरचा तो गठ्ठा कितव्या कपाटात आहे, हे त्यांना कल्याणच्या घरी बसून आठवत होतं.

माझ्या हाताखालच्या मुलीने साचा उघडला, नाव भरलं आणि त्या दिवसाच्या पंचवीस-तीस पत्रांबरोबर ते सहीला आलं. मी सही केली. नाव वाचलं नाही. नानांना आम्ही कधी आडनावाने ओळखतच नव्हतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. त्याने काही होत नाही.

आठवड्याभराने नाना आले. खोपटच्या डेपोवर एस.टी.तून उतरून चालत आले होते. फार वाळले होते. माझ्या टेबलासमोर बसले आणि सवयीने चपला काढल्या. पिशवीतून माझंच पत्र काढून त्यांनी पुढे ठेवलं.

“वाक्य अगदी बरोबर आहे,” म्हणाले.

मला कळायला क्षणभर लागला. मग मी सही पाहिली, नाव पाहिलं.

“नाना, मी... ते साच्यातून जातं आता. मला माहीत नव्हतं तुमचं आहे म्हणून.”

“माझं असलं काय, नसलं काय,” ते म्हणाले. “कोणी पाहिलं?”

“पाहते. ह्याच आठवड्यात पाहते. मी स्वतः खाली जाते.”

त्यांनी मान हलवली. चहा घेतला. भाऊसाहेब कसे आहेत, विचारलं. ते गेल्याचं मी सांगितलं. नानांनी कप खाली ठेवला. मग पायांनी चाचपडत चपला शोधल्या आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर ते जिन्याच्या तोंडाशी थांबले. तोच जिना खाली तळमजल्यावर रेकॉर्ड रूमपाशी उतरतो. तिकडे त्यांनी पाहिलं. आता त्यांना तिथे जायची परवानगी नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग ते बाहेर पडले.

त्या आठवड्यात मी खाली गेले नाही. आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढच्या आठवड्यात तपासणी पथक आलं. त्यापुढच्या आठवड्यात काय होतं, ते मला आठवतसुद्धा नाही, म्हणजे काहीच नसावं. दोन जिने उतरायचे होते. रुमालाचा क्रमांक हातात होता. वीस मिनिटांचं काम. रोज ते मला आठवे आणि आठवतंय म्हणजे विसरलेले नाही, एवढ्यावर मी समाधान मानी. नानांनी फोन केला नाही. ते तसे कधीच करत नसत.

दिवाळीच्या सुट्ट्यांमध्ये कंपनीने भिंत घातली. पायवाटेबद्दल आमच्याकडून काहीच लेखी गेलेलं नसल्यामुळे तिला थांबवायला कोणाकडे कागद नव्हता. हे मला पुढे कळलं. त्याआधी कळलं ते नाना गेल्याचं. मूत्रपिंडाचा आजार पुष्कळ दिवसांचा होता म्हणे. ऑफिसात येऊन बसले होते तेव्हाही होता.

दहाव्याला मी त्यांच्या गावी गेले. दहाव्याचे विधी खाडीवर करतात. नानांच्या घराच्या ओट्यावरून खाडीचं पाणी दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. मधे भिंत. राखाडी, नवी, अजून रंग न दिलेली. नानांचा पुतण्या पुढे पिंडाचं ताट घेऊन आणि मागे आम्ही सगळे, असे भिंतीच्या कडेकडेने मोठ्या रस्त्याला आलो, तिथून पुलाखालून वळसा घालून, गॅरेजं आणि गोदामं ओलांडून पलीकडच्या बाजूने पाण्यावर पोचलो. नानांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, एवढं चालवेना. जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन ती त्या पायवाटेने आलेली-गेलेली. तिला रिक्षात बसवलं. रिक्षात बसताना ती कोणाला तरी म्हणाली, “माझ्या भावाच्या दहाव्याला मी रिक्षानं.” मी भिंतीकडे बघत उभी होते. माझ्या सहीचं पत्र ह्या घरात कुठेतरी होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, “मॅडम, ते खाडीच्या पायवाटेवाले अर्जदार वारले ना? मग प्रकरण निकाली काढू?” तिचं चुकत नव्हतं. नियम तसाच आहे.

“नको,” मी म्हटलं. मी टेबलाखाली पाय घातले. मीही आता चपला काढून बसते, कधीपासून ते आठवत नाही. चपला घातल्या, किल्ली घेतली आणि दोन जिने उतरले.

रुमाल नानांनी लिहिला होता तिथेच होता. गाठ सोडायला वेळ लागला. नकाशा पिवळा पडला होता, पण घड्यांवर फाटला नव्हता. गावाच्या घरांपासून पाण्यापर्यंत तुटक रेघ स्पष्ट काढलेली होती आणि तिच्यावर साहेबी अक्षरात ‘फूटपाथ’ लिहिलं होतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक सही होती. नानांची. तारीख मी नोकरीला लागण्याच्याही आधीची. तेव्हा कोणासाठी त्यांनी हा नकाशा उघडला होता, कोण जाणे. त्यांच्यानंतर कोणी उघडलेला नव्हता. मी त्यांच्या सहीखाली माझी सही केली आणि तारीख टाकली. ती तारीख अकरा महिने उशिराची होती.

वर आल्यावर मी साचा उघडला नाही. कोऱ्या पानावर इंग्रजीत लिहिलं, की मी हे प्रकरण स्वतः पाहिलं आहे, पायवाट नकाशात आहे, नकाशाची प्रत सोबत जोडली आहे, आणि आधीचं पत्र पाठवलं तेव्हा कोणीही काहीही पाहिलेलं नव्हतं. एक प्रत साहेबांकडे, एक वरच्या कार्यालयाकडे, एक कंपनीला. साहेबांनी मला बोलावलं. शेवटचं वाक्य काढा म्हणाले. मी काढलं नाही. त्याचं पुढे काय व्हायचं ते चालू आहे. भिंतीचं प्रकरणही चालू आहे. त्या संध्याकाळी मी साचा सगळ्या संगणकांतून काढून टाकला. आता मुलं वाक्य पुन्हा चुकवतात. मी एकेकाला समोर बसवते.

अर्जदाराची प्रत टपालात टाकायची नव्हती. रविवारी मी ती घेऊन गेले. आक्का ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिने मला ओळखलं, बसायला पाट दिला. मी लिफाफा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्याकडे दिला.

“काय लिवलंय?”

“मी कागद बघितला, आक्का. जुना नकाशा. खाडीवरची पायवाट त्यात आहे.”

सुपातला एक खडा काढून आक्काने बाजूला टाकला.

“ती हाय ती मना ठावं हाय, बाय,” ती म्हणाली. “त्याला सांगाचा व्हता.”

मी लिफाफा ओट्यावर ठेवला. मग पायरीशी काढलेल्या चपला घातल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, लांबच्या रस्त्याने परत निघाले.